राजापूरकरांनो, पाहुण्याला राजापूरच जेवू घाला

प्रति,
राजापूर नगर परिषद, अर्जुना आणि कोदवली नद्यांकाठच्या सर्व ग्रामपंचायती, तसेच तालुक्यात पाहुण्यांना राहायला-जेवायला देणारी घरं, खानावळी आणि हॉटेलं चालवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्राचं कारण आधी सांगते, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. नदी बघावी, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फिरावं आणि तिथलं जेवावं म्हणून जो माणूस राजापूरला येतो, त्याला नदी दिसते, सडाही दिसतो, पण तिथलं जेवण विकत मिळत नाही. ते घरोघरी रोज शिजतं. पाहुण्याच्या ताटापर्यंत मात्र येत नाही. महामार्गाला लागून मिळतं ते पनीर, मंचुरियन आणि 'मालवणी थाळी' नावाचं एक ताट, जे रत्नागिरीपासून पणजीपर्यंत सगळीकडे एकाच चवीचं असतं. माझी मागणी एवढीच आहे की पाहुण्याला राजापूरच जेवू घाला. ज्या महिन्यात जे असेल ते वाढा. आणि ज्या नदीमुळे ते पिकतं, तिच्याकडे गावाची पाठ होऊ देऊ नका.

मी कोल्हापूरची. आमच्याकडून कोकणात उतरायला आंबा, गगनबावडा, फोंडा असे घाट आहेत. गर्दी सगळी तिकडेच असते. मला अणुस्कुऱ्याची वाट जास्त आवडते. मलकापूरहून जंगलातून घाटमाथ्यावर यायचं, खाली उतरून पाचल, रायपाटण करत ओणीला महामार्ग गाठायचा आणि तिथून राजापूर. या वाटेवर अर्जुना सोबतीला असते. सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते, करकजवळ धरणात थांबते, रायपाटणला गावाशेजारून वाहते आणि राजापुरात कोदवलीला भेटते. तिथून पुढे ती हळूहळू खाडी होते आणि जैतापूरपाशी समुद्राला मिळते. इतक्या कमी अंतरात डोंगरातला ओढा, गोडी नदी, भरतीचं पाणी आणि समुद्र अशी चारही रूपं पाहायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. तुम्हाला रोजची असल्यामुळे तिचं अप्रूप वाटत नसेल, पण आम्हा घाटावरच्यांना वाटतं.

आणि आमचा तुमचा संबंध जुना आहे. घाटावरचा माल अणुस्कुऱ्याने उतरून राजापूर बंदरात जायचा आणि गलबतांतून पुढे अरबस्तानापर्यंत. समुद्रापासून इतक्या आत, नदीवर वसलेलं हे बंदर. इंग्रजांनी 1649 मध्ये इथे वखार घातली ती उगाच नाही. 1660 च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात याच वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरात येऊन ती वखार लुटली, वखारवाल्यांना कैदेत टाकलं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट शाळेत असल्यापासून पाठ आहे. ज्या नदीतून ते सगळं घडलं ती प्रत्यक्ष बघायला मात्र फार थोडे कोल्हापूरकर येतात.

पुढे नदीत गाळ साठत गेला आणि गलबतं आत येईनाशी झाली. डोंगर उघडे पडले की माती खाली येते, आणि तिला खाडीत भरतीचं पाणी अडवतं. आज पावसाळ्यात वरून धो-धो पाणी आणि खालून भरती अशी गाठ पडली की जवाहर चौकात पाणी शिरतं, आणि व्यापारी दरवर्षीच्या सरावाने माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. बातम्यांत बाहेरच्या माणसाला राजापूर दिसतं ते एवढंच: चौकातलं पाणी. वर्षाचे उरलेले महिने या नदीच्या काठावर काय काय असतं, हे कुणी दाखवत नाही. तुम्हीही नाही.

आता जेवणाकडे येते.

श्रावणात मी एका घरी उतरले होते. घराच्या मालकीणबाईंनी आधी विचारलं, "पनीर आणवू का?" मी म्हटलं, तुमच्याकडे आज काय आहे तेच द्या. त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात आज टाकळ्याची भाजी आहे नि कुळथाची पिठी. ते काय पाहुण्यांना वाढायचं?" मी हट्ट धरला म्हणून वाढलं. टाकळ्याचा कोवळा पाला, त्यात फणसाच्या आठळ्या ठेचून घातलेल्या, वर ओल्या नारळाचा चव. पिठीला लसणाची फोडणी, आत दोन आमसुलं, आणि ती गरम असतानाच मऊ भातावर ओतलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे. बिडाचा तवा चुलीवर तापलेला, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावरून फिरवायचा, पातळ पीठ कडेकडेने ओतत मध्यावर आणायचं, आणि जाळी पडली की झाकण. पहिला घावणा तव्याला चिकटतो आणि तो घरातल्याच कुणाच्या तरी पानात जातो. पुढचे मग रुमालासारखे सुटत येतात. नारळाचा रस गूळ घालून बाजूला ठेवलेला. दुपारी हळदीच्या पानावर तांदळाची उकड थापून, मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण घालून, पान दुमडून पातोळे वाफवले. झाकण काढल्यावर हळदीच्या पानाचा जो वास घरभर झाला, त्यासाठी मी परत घाट उतरून येईन.

आणि त्या माउलीला वाटत होतं की हे पाहुण्यांना वाढण्याजोगं नाही.

माझा राग आहे तो या समजुतीवर, कुणा एका माणसावर नाही. पर्यटनाची पुस्तिका, फलक, समाजमाध्यमांवरचे व्हिडिओ या सगळ्यांनी मिळून कोकणी घराला शिकवलं की कोकण म्हणजे तळलेली सुरमई, पापलेट आणि सोलकढी. त्यामुळे पावसाळ्यात, जेव्हा मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हाही पाहुणा सुरमई मागतो आणि खानावळवाला बर्फातली, कुठून कुठून आलेली सुरमई त्याला देतो. दोघांनाही आपण कोकणात आहोत असं वाटतं. त्याच वेळी घरामागे भारंगी, फोडशी, कुर्डू, टाकळा उगवलेला असतो; शिंकाळ्यावर सुकट, सोडे, खारवलेला बांगडा असतो; आणि माळ्यावर आठळ्या मातीत घोळवून ठेवलेल्या असतात. पावसाळ्यातलं कोकण हेच आहे. पाऊस पडत असताना सुकटीची चटणी, नाचणीची भाकरी आणि भारंगीची भाजी यापुढे थाळीतली सुरमई काही नाही, हे मी मासेखाऊ असूनही म्हणते.

माशांचंच बोलायचं तर राजापूरची खरी श्रीमंती खाडीची आहे, खोल समुद्राची नाही. काळुंद्र, तांबोशी, बोय, पालू, कुर्ल्या, मुळे, तिसऱ्या, कालवं. ओहोटीला खडकांवर बसून बायका कालवं फोडतात ते बघायला हवं. एका हातात लहानशी कोयती, खडकाला चिकटलेल्या शिंपेवर नेमका घाव, वरचं टरफल उडालं की आतला मऊ गोळा टोकाने उचलून पाण्याच्या भांड्यात. पाणी परत चढायच्या आत हे सगळं उरकायचं. हाताला शिंपेच्या धारेचे काप असतात. बाजारात तेच कालव वाट्याने विकलं जातं, आणि वाट्याचा भाव सांगितला की आमच्याकडचे लोक घासाघीस करतात. ज्याने तो खडक पाहिला आहे तो करणार नाही.

ही खाडीची मासळी खानावळींच्या फळ्यावर का नसते? मला मिळालेलं उत्तर असं की "गिऱ्हाइकाला नावं कळत नाहीत." मग कळवा! फळ्यावर लिहा: आज तांबोशीचं तिखलं, आज मुळ्यांचं सुकं. कुठून आली तेही लिहा. विचारणाऱ्याला दोन वाक्यं सांगा. ज्याला नाव माहीत नाही तो शिकून घेईल. त्यासाठीच तो घर सोडून बाहेर पडलेला असतो. आणि ज्या दिवशी खाडीत काही मिळालं नाही त्या दिवशी फळ्यावर "आज मासे नाहीत, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे" असं लिहायला बिचकू नका. ज्याला आवडणार नाही तो पुढे जाईल. जाऊ द्या.

एका गोष्टीबद्दल मात्र उलट विनंती आहे. सगळंच पाहुण्याच्या ताटात आलं पाहिजे असं नाही. पहिल्या पावसात नदीला नवं पाणी आलं की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यांत, शेतांत शिरतात. हे चढणीचे मासे पकडायला गावं रात्री दिवट्या, बॅटऱ्या घेऊन निघतात, आणि त्या माशांची चव कोकणात किती वाखाणली जाते हे मी जाणते. पण ते चढतात ते अंडी घालायला. पोटात अंडी भरलेली मासळी गावाने एखाद्या रात्री, घरापुरती पकडणं वेगळं आणि पर्यटकांसाठी मोठ्या संख्येने पकडणं वेगळं. उद्या कुणी 'चढणीच्या माशांचा महोत्सव' भरवायची कल्पना मांडली, आणि अशा कल्पना मांडल्या जातात, तर ग्रामपंचायतींनी ती सरळ नाकारावी. नदीत ब्लिचिंग पावडर किंवा स्फोटकं टाकून मासे मारण्याचे प्रकार कोकणात होतात, त्यांना तर गावानेच हात धरून थांबवायला हवं. एका रात्रीत अख्खा डोह रिकामा होतो, आणि तेच पाणी खाली कुणीतरी पितं. कालवांचंही तसंच. खडक खरवडून स्वच्छ केला की पुढच्या वर्षी तिथे काही नसतं. किती काढायची ते खडकावर बसणाऱ्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. मागणी वाढली म्हणून त्यांच्यावर घाई लादू नका.

नदीचं देणं फक्त मासे नाहीत. भात कापून झाला की जमिनीत राहिलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी होते. जिथे पाणी पुरतं तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होतं. नदीकाठच्या मळ्यांत लाल माठ, मुळा, वांगी, मिरच्या. पाऊस सरताना गावकरी श्रमदानाने वनराई बंधारे घालतात, मातीच्या भरलेल्या पोत्यांचे, आणि त्या अडवलेल्या पाण्यावर हे मळे काही महिने तग धरतात. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये कोकणातल्या वाड्यांवर टँकर येतात, हे घाटावर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. म्हणजे बंधारा, मळा आणि ताट ही एकच साखळी आहे. मधली कडी तुटत चालली आहे, कारण पोरं मुंबईला, मळे पड, आणि कुळीथ पेरून परवडत नाही.

इथे पाहुण्याचा उपयोग होऊ शकतो, आणि म्हणूनच मी जेवणाचा एवढा आग्रह धरते. पनीरचा पैसा राजापुरात थांबत नाही. सुरमईचाही फारसा नाही. पण पाहुण्याने कुळथाच्या पिठीचे, नाचणीच्या भाकरीचे, लाल माठाच्या भाजीचे चांगले पैसे दिले, तर ते चार वाड्यांपलीकडे जात नाहीत. कुणाच्या तरी बांधावर पुढच्या वर्षी कुळीथ पेरला जातो. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यात शेतकऱ्याच्या घरी राहणं-जेवणं हाच गाभा आहे. तालुक्यातल्या किती घरांनी त्यातली नोंदणी केली आहे, किती जणांना ते माहीत आहे, याचा आढावा ग्रामपंचायतींनी घ्यावा. कागदपत्रांत अडलेल्या बाईला एखादा ग्रामसेवक अर्धा दिवस बसून मदत करू शकतो.

राजापूरच्या स्वयंपाकाबद्दल बोलताना आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे जुनं बंदर आहे आणि इथे अनेक समाजांची घरं पिढ्यानुपिढ्या शेजारी राहतात. ब्राह्मण घरातली आळूची भाजी आणि खांडवी, कुणबी घरातली आंबील आणि खेकड्यांचा रस्सा, खारव्यांच्या घरातलं मासळीचं तिखलं, कोकणी मुसलमान घरांतले नारळाच्या दुधातले तांदळाचे सांदण. हे सगळं एकाच गावात आहे, आणि पाहुण्याला यातलं एकही सहजी मिळत नाही. 'कोकणी जेवण' असा एकच शिक्का मारून हे सगळं झाकू नका. कुणाच्या घरी काय शिजतं ते त्यांच्याच हातचं, त्यांच्याच नावाने मिळू द्या.

आता पर्यटनाच्या जागांविषयी थोडं. धूतपापेश्वराच्या देवळाविषयी मी काही सांगायला नको. पावसात मृडानी नदीचा धबधबा देवळाच्या शेजारी कोसळताना जो पाहतो तो पुन्हा येतोच. उन्हाळे गावातली गरम पाण्याची कुंडं आणि अधूनमधून जमिनीतून प्रकटणाऱ्या गंगेची चौदा कुंडं लोकांना ठाऊक आहेत. गंगा येते तेव्हा गर्दी लोटते, जाते तेव्हा तिथे प्लास्टिक उरतं. कुंडांजवळ साबण, शाम्पू, कपडे धुणं बंद व्हायला हवं, आणि ते फलक लावून होत नाही, तिथे माणूस उभा करावा लागतो. त्या माणसाचा पगार निघेल एवढं वाहनतळाचं शुल्क आम्ही खुशीने देऊ.

चुनाकोळवणचा सवतकडा, त्याबद्दल मात्र मन खट्टू होतं. इतका सुंदर धबधबा, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे काचांचे तुकडे. हे करणारे बहुतेक बाहेरचे असतात. आमच्या बाजूचेही असतात, हे मी कबूल करते. गावाने ठरवून दारू घेऊन येणाऱ्यांना वाटेतच परत पाठवलं तर गावाचं पर्यटन बुडेल अशी भीती दाखवणारे लोक असतात. त्यांचं ऐकू नका. जो बाटली घेऊन येतो तो तुमच्याकडे जेवत नाही, राहत नाही, घाण करून जातो. त्याच्या जाण्याने गावाचं काही जात नाही.

सड्यांची गोष्ट तर सगळ्यांत मोठी आहे. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी इथली कातळशिल्पं. कोकणातली ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीच्या सड्यावरचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले जलचर, पक्षी, प्राणी पाहताना माणूस नि:शब्द होतो. देवाचे गोठणे इथल्या आकृतीवर होकायंत्र धरलं तर काटा भलतीकडे वळतो. आणि याच कातळावर पावसाळ्यात दीपकाडी फुलते, श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तो काळा ओसाड माळ वाटतो आणि सरकारी कागदातही तो 'पड' म्हणूनच नोंदला जातो. पण या सड्यात मुरलेलं पाणीच खाली झऱ्यांतून, विहिरींतून गावांना मिळतं. सडा खणला, चिरेखाणी पसरल्या, तर पायथ्याच्या विहिरी आटतात. हे मला तालुक्यातल्या शेतकऱ्यांनीच समजावून सांगितलं. म्हणून सड्यावर गाड्या नेऊ देऊ नका. अलीकडेच कुठेतरी थांबवा, गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत द्या, आणि त्याचे पैसे घ्या. चांगले पैसे घ्या. फुकट दाखवलेल्या गोष्टीची आमच्यासारख्यांना किंमत राहत नाही.

नगर परिषदेला नदीकाठाविषयी बोलायचं आहे. पूररेषेत बांधकामं होऊ नयेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण पाणी तुमच्या चौकात येतं. पण 'पर्यटन विकास' हे शब्द आले की काठावर काँक्रीटचा कट्टा, रंगीत दिवे, संगीतावर नाचणारी कारंजी, सेल्फीचा फलक असं काहीतरी मंजूर होतं. आमच्या कोल्हापुरात आणि आसपास हे भरपूर झालं आहे. राजापूरला त्याची गरज नाही. जुन्या बंदराकडे जाणारी एक स्वच्छ पायवाट, सावलीला झाडं, बसायला चिऱ्याचे बाक, आणि इथे कधीकाळी गलबतं लागत होती हे सांगणारा एक नीट लिहिलेला फलक पुरे. शहराचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत जाऊ नये, हे मात्र आधी. ज्या पाण्यातली मासळी तुम्ही मला वाढणार, त्या पाण्याच्या काठावर उभं राहून नाक धरावं लागू नये. कोदवलीवर सायबाचं धरण बांधून, नुसत्या उतारावर, पंपाविना शहराला पाणी आणण्याची सोय ब्रिटिशकाळात झाली. त्या कामाइतकाच साधा आणि टिकाऊ विचार आज सांडपाण्याचा व्हावा.

आठवडा बाजारही पाहुण्याला कळू द्या. वाड्यांवरून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला, उन्हात, चिखलात बसून रानभाज्या, कुळीथ, आमसुलं, ओले काजूगर विकतात, आणि गाडीतून येणारे लोक त्यांच्यासमोरून जाऊन पुढच्या दुकानात प्लास्टिकच्या पाकिटातली 'कोकण मेवा' लिहिलेली आंबापोळी घेतात. बाजारात या बायकांना डोक्यावर छप्पर, पिण्याचं पाणी आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह द्या. त्या सकाळी निघतात आणि संध्याकाळच्या एस्टीने परततात; दिवसभर पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. हे कुठल्याही पर्यटन आराखड्याच्या आधी व्हायला हवं.

आमच्या लोकांसाठीही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. राजापूरला जाऊन तांबडा-पांढरा मागू नका. तिथलं जेवण तिखटाचं नाही, नारळाचं आणि आंबटाचं आहे. पहिल्या घासाला सपक वाटेल, तिसऱ्या घासाला कळायला लागेल. आयत्या वेळी जाऊन दहा जणांचं जेवण मागू नका. आदल्या दिवशी कळवा, कारण ते तुमच्यासाठी बाजारातून येत नाही, परसातून येतं. "एवढुश्या भाजीचे एवढे पैसे?" असं म्हणू नका. आणि रात्री नदीवर गाण्याचे भोंगे लावू नका. काठावरच्या घरांत म्हातारी माणसं झोपलेली असतात.

खानावळ आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांना शेवटी एक ठोस सुचवते. सगळे पदार्थ बदला असं मी म्हणत नाही; धंदा चालवायचा असतो, आणि पोरांना घेऊन आलेल्या कुटुंबाला पनीर लागतं हेही खरं. पण येत्या श्रावणापासून रोज एक ताट असं ठेवा की ज्यातली प्रत्येक गोष्ट तालुक्यातली असेल. घरातले लोक त्या दिवशी जे जेवतात, नेमकं तेच. त्याला कमी किंमत लावू नका, पनीरपेक्षा दहा रुपये जास्तच लावा. नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी अशा घरांची यादी करून ओणीच्या फाट्यावर, राजापूर रोड स्टेशनवर आणि एस्टी स्थानकात लावावी. कुणाच्या घरी कुठल्या महिन्यात काय मिळतं एवढी माहिती पुरे. यादीत दहाच घरं असली तरी चालतील. श्रावणात मी आणि माझ्या मैत्रिणी अणुस्कुऱ्याने येतो आहोत. ओणीच्या फाट्यावर यादी लागलेली असली, तर त्यातल्या पहिल्याच घरी आदल्या दिवशी कळवून जेवायला येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कोल्हापूरची एक पाहुणी